१०२ व्या वर्षी दिलेली तोंडी परीक्षा: डॉ. इंगेबोर्ग रापोपोर्ट

एल्बेकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

धाकट्याचा कान फुटला म्हणून परवा इथल्या, हॅम्बुर्गच्या, एपेनडॉर्फ विद्यापीठ इस्पितळात दोन तास बसून होतो. पोरगं मांडीवर झोपलं, मोबाईलची बॅटरी संपली, आणि भिंतीकडे बघता बघता आठवलं की ९ जून २०१५ ला याच संस्थेने एका १०२ वर्षांच्या बाईंना डॉक्टरेट दिली होती. तेव्हा मी हॅम्बुर्गात नवा होतो, जर्मन धड येत नव्हतं, बातमी अर्धीमुर्धीच कळली होती. घरी आल्यावर वाचून काढलं. चार पानं तरी लिहिल्याशिवाय चैन पडेना, म्हणून ही जिलबी.

बाईंचं माहेरचं नाव इंगेबोर्ग सिल्म. जन्म २ सप्टेंबर १९१२, आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये, क्रिबी नावाच्या बंदरगावी. तेव्हा ती जर्मनांची वसाहत होती. तान्ही असतानाच घर हॅम्बुर्गला आलं आणि ती इथेच वाढली. आई पियानो वाजवायची. आई ज्यू वंशाची होती, पण मुलगी वाढली प्रोटेस्टंट वळणात. आपल्याला कुणी ज्यू म्हणेल हे त्या मुलीच्या डोक्यातही नव्हतं. ते ठरवलं १९३३ नंतरच्या सरकारने.

तरी तिने वैद्यकीचं शिक्षण पुरं केलं. १९३७ मध्ये सरकारी परीक्षा पास झाली आणि इथल्याच ज्यू इस्पितळात काम करू लागली. सोबत प्रबंध लिहिला. विषय घटसर्प (डिप्थीरिया), त्यातही घटसर्पानंतर येणारा लुळेपणा. मार्गदर्शक होते बालरोगतज्ज्ञ प्राध्यापक रुडोल्फ डेगक्विट्झ. १९३८ मध्ये प्रबंध हातात तयार, पण तोंडी परीक्षेला बसायला मनाई, कारण 'वंश'. डेगक्विट्झनी तिला एक कागद लिहून दिला. मथितार्थ असा: सिल्मबाईंनी प्रबंध माझ्याकडे सादर केला आहे, सध्याचे कायदे आड आले नसते, तर मी तो स्वीकारला असता.

हा कागद मला फार विचित्र वाटतो. धड प्रमाणपत्र नाही, धड नकार नाही. 'तू पास आहेस, पण नाहीस' असं सही करून दिलेलं.

त्याच वर्षी ती एकटीच अमेरिकेला गेली. जर्मन परीक्षेची तिथे किंमत शून्य. पुन्हा शिकायचं तर प्रवेश हवा. ४८ वैद्यकीय महाविद्यालयांना अर्ज केले, घेतलं एकाने. १९४० मध्ये एम.डी. झाली. मग सिनसिनाटीच्या लहान मुलांच्या इस्पितळात नोकरी, तिथेच सॅम्युएल मित्या रापोपोर्ट भेटले. व्हिएन्नाहून आलेले जीवरसायनशास्त्रज्ञ, वयाने तिच्याएवढेच. साठवलेलं रक्त जास्त दिवस टिकवायच्या कामासाठी अमेरिकी सरकारने त्यांना गौरवलं होतं. १९४६ मध्ये लग्न. आणि दोघंही कट्टर कम्युनिस्ट! रविवारी सकाळी गरीब वस्त्यांमध्ये दारोदार पक्षाचा पेपर वाटायचे. १९५० च्या सुमारास असल्या माणसांची अमेरिकेत काय गत होती ते वेगळं सांगायला नको. सॅम्युएल एका परिषदेसाठी झुरिकला गेले होते ते परतलेच नाहीत, पाठोपाठ मुलांना घेऊन या निघाल्या. व्हिएन्नात विद्यापीठाने दार उघडलं नाही. शेवटी १९५२ मध्ये पूर्व बर्लिन.

म्हणजे एकदा वंशासाठी देश सोडला, एकदा मतांसाठी. मधे उणीपुरी बारा वर्षं.

पूर्व बर्लिनमध्ये मात्र बस्तान बसलं. शारिटे इस्पितळात बालरोग विभाग, १९६४ मध्ये प्राध्यापकपद, आणि १९६९ मध्ये नवजात बालकांच्या वैद्यकाचं अध्यासन. जर्मनीतलं असं ते पहिलं. १९७३ मध्ये निवृत्त.

आता मूळ गोष्ट. निवृत्तीनंतर चार दशकं उलटल्यावर हॅम्बुर्गच्या वैद्यकीय विद्याशाखेच्या अधिष्ठात्यांच्या, उवे कोख-ग्रोमुस यांच्या, कानावर हे सगळं गेलं. आमच्याकडची पद्धत असती तर शाल, श्रीफळ, मानद पदवी, फोटो, विषय मिटला. इथे रीतसर परीक्षा ठरली. १३ मे २०१५ ला तीन प्राध्यापक हॅम्बुर्गहून बर्लिनला, पांकॉवमधल्या बाईंच्या घरी गेले आणि दिवाणखान्यात बसून पाऊण तास प्रश्न विचारले. आणि प्रश्न १९३८ च्या घटसर्पावर थांबले नाहीत, तेव्हापासून या रोगाबद्दल काय काय कळलं तेही विचारलं. बाईंना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. नातेवाईक आणि जीवरसायनवाले मित्र इंटरनेटवर शोधून त्यांना फोनवर वाचून दाखवत होते. अभ्यास असा झाला. परीक्षेच्या दिवशी भीती वाटत होती, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय.

पास झाल्या. प्रबंध दिल्यापासून ७७ वर्षांनी. २३ मार्च २०१७ ला गेल्या, १०४ वर्षांच्या होऊन.

दीर्घायुषी माणसांच्या बातम्यांमध्ये 'रोज एक चमचा मध' किंवा 'लग्न केलं नाही म्हणून' असलं काहीतरी असतं. मला त्यात रस नाही. मला त्या पाऊण तासाचं अप्रूप आहे.

---

सुपारी_न_खाणारा

मस्त. वाखुसा (वाचनखूण साठवली). ४८ अर्ज!

---

पांढरा_कोट

छान लिहिलंय. घटसर्पाबद्दल थोडी भर घालतो, कारण नव्या पिढीच्या डॉक्टरांनीही तो फारसा पाहिलेला नाही. मी उमेदवारीत असताना दोन केसेस पाहिल्या.

घशात करडा-पांढरा पडदा धरतो. सायीसारखा दिसतो, पण साय निघते तसा निघत नाही. ओढायला गेलं की रक्त येतं. मान सुजून बैलासारखी होते. श्वास कोंडून मूल जाऊ शकतं, हा झाला पहिला धोका. पण सिल्मबाईंचा विषय त्याच्या पुढचा आहे. मूल वाचतं, पडदा जातो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि मग त्याला पाणी पाजलं की नाकातून बाहेर येतं. टाळू लुळी पडलेली असते. आवाज गेंगाणा होतो. मग पुस्तकातलं जवळचं अक्षर दिसेनासं होतं. आणखी काही आठवड्यांनी हातपाय ढिले पडतात. यातलं बरंचसं हळूहळू भरून येतं, पण हृदयावर परिणाम झाला तर माणूस अचानक जातो. जंतू घशातच बसलेला असतो, हिंडतं ते त्याचं विष.

आता १९३८ नंतर काय कळलं बघा. घटसर्पाचा जंतू आपणहून विषारी नसतो! त्याला एका विशिष्ट विषाणूची लागण झालेली असेल तरच तो विष बनवतो, कारण विषाचा जनुक त्या विषाणूचा. हे कळलं १९५१ मध्ये. ते विष पेशीत शिरून प्रथिनं बनवायचं यंत्रच बंद पाडतं, हे त्याच्याही नंतर. म्हणजे या आजींनी प्रबंध लिहिला तेव्हा जनुक कशाचा बनलेला असतो हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. मला आत्ता कुणी सेल बायॉलॉजीची तोंडी परीक्षा द्यायला लावली तर मी पळून जाईन. वय ५४.

---

माजघरातली

आमच्या आजीच्या पाठचा भाऊ घटसर्पाने गेला, सहा वर्षांचा होता. आजी सांगायची, त्याला वाटीने दूध पाजायला गेले तर नाकातून आलं आणि तो हसायला लागला, त्याला गंमत वाटली. आम्ही लहानपणी ही गोष्ट ऐकून हसायचो. आज पांढरा_कोट यांचा प्रतिसाद वाचला तेव्हा कळलं ते काय होतं.

---

तिरकस

सगळं गोडगोड चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो.

बाई ज्या पूर्व जर्मनीत रमल्या, तिथे भिंत होती, घरोघरी खबरे होते, पळून जाणाऱ्यांवर गोळ्या झाडत होते. नाझींनी परीक्षा नाकारली हा अन्यायच. पण पूर्व जर्मनीतही पाद्र्यांच्या मुलांना नि 'चुकीच्या' घरातल्यांना विद्यापीठाची दारं बंद केली जात होती. त्याबद्दल बाई काय बोलल्या? शेवटपर्यंत त्या राजवटीची बाजू घेत राहिल्या. धागाकर्त्याने हे एका ओळीत गुंडाळलंय: 'बस्तान बसलं'.

---

एल्बेकाठी

@तिरकस, मुद्दा मान्य, गुंडाळलं खरं. त्या शेवटपर्यंत समाजवादी राहिल्या आणि ते त्यांनी लपवलं नाही. आत्मचरित्रही लिहिलंय, नाव 'माझी पहिली तीन आयुष्यं': जर्मनी, अमेरिका, पूर्व जर्मनी. भिंत पडल्यानंतरचं ते चौथं असणार, माझा अंदाज.

मला इतकंच वाटतं की ज्या बाईला एका देशाने रक्तासाठी आणि दुसऱ्याने विचारांसाठी हाकललं, तिला तिसऱ्याने इस्पितळ, विभाग, अध्यासन दिलं तर ती त्याच्यावर जीव टाकणारच. ते बरोबर होतं असं मी म्हणत नाहीये. माझ्या सासऱ्यांना गिरणीने घर दिलं होतं, गिरणी बंद पडून तीस वर्षं झाली तरी मालकाबद्दल वाईट ऐकून घेत नाहीत.

---

तिरकस

गिरणीच्या मालकाने कुणाला गोळ्या घातल्या नव्हत्या. पण ठीक आहे, समजलं.

---

पांढरा_कोट

राजकारणातलं कळत नाही, पण बाळांचे आकडे सांगतो. पूर्व जर्मनीत १९५० मध्ये जन्मलेल्या हजार बाळांपैकी ७० हून जास्त बाळं वर्षाच्या आत जात होती. १९८० चं दशक संपताना हा आकडा आठच्या खाली होता. याच कामासाठी रापोपोर्टबाईंना १९८४ मध्ये तिथला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अर्थात एकट्या त्यांचं श्रेय नाही. लसी, गरोदर बायकांची सक्तीच्या म्हणाव्यात अशा तपासण्या, प्रसूती इस्पितळातच, हे सगळं त्यात आलं.

आणि तिरकसरावांना खाऊ म्हणून: मोजण्यातही थोडी मेख होती. बाळ 'जिवंत जन्मलं' असं धरायला पूर्व जर्मनीत हृदयाचा ठोका आणि श्वास दोन्ही लागत. पश्चिमेकडे यातलं एक पुरे. त्यामुळे अगदी अपुऱ्या दिवसांची काही बाळं तिथल्या हिशेबातच आली नसणार. तरीही सत्तरवरून आठवर येणं नुसत्या व्याख्येने होत नाही. कोंदट खोलीत एका रांगेत ठेवलेल्या बाळांपासून प्रत्येकाचं तापमान, साखर, श्वास स्वतंत्र बघणाऱ्या विभागापर्यंतचा प्रवास आहे तो. बाळ म्हणजे छोटा माणूस नव्हे, त्याचं शरीरशास्त्रच वेगळं, हे डॉक्टरांच्या डोक्यात उतरायलाच कित्येक वर्षं गेली.

---

कल्याणवाली

मंडळी, तुम्ही सगळ्यांनी एक गोष्ट सोडलीत! ४८ पैकी ज्या एका कॉलेजने घेतलं, ते कुठलं?

फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. आपल्या आनंदीबाई जोशींचं कॉलेज!! ११ मार्च १८८६ ला आनंदीबाई तिथून एम.डी. झाल्या, पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. रापोपोर्टबाई तिथूनच ५४ वर्षांनी.

आता अंगावर काटा येईल असं सांगते. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र'. आर्य! त्याच शब्दाने हॅम्बुर्गच्या मुलीला दाराबाहेर उभं केलं, आणि दार उघडलं ते ज्या कॉलेजच्या कपाटात हा प्रबंध ठेवलेला होता, त्याने.

---

एल्बेकाठी

अगं बाई! कल्याणवाली, दंडवत. मी कॉलेजचं नाव वाचलं होतं आणि लिहिताना 'एकाने' म्हणून सोडून दिलं. बायकोने आत्ता वाचून कपाळावर हात मारला.

---

माजघरातली

आनंदीबाई २१ व्या वर्षी गेल्या. क्षयाने. एक दिवस प्रॅक्टिस करायला मिळाली नाही. कोल्हापूरच्या इस्पितळातली नेमणूक कागदावरच राहिली. आणि या १०४. एकाच कॉलेजच्या दोघी.

---

तिरकस

कल्याणवाली, प्रतिसाद आवडला. पण आनंदीबाईंच्या काळी 'आर्य' म्हणजे आपले लोक स्वतःला अभिमानाने म्हणवून घेत तेच. टिळकांपासून सगळेच. त्या शब्दाचं पुढे काय झालं त्याचा दोष त्यांना देऊ नका, एवढंच.

---

कल्याणवाली

दोष कुठे दिला? शब्द कसे फिरतात ते सांगितलं. तुमचं नाव अगदी शोभतं हो तुम्हाला.

---

शून्यलब्धी

अवांतर: त्यांचा मुलगा मिखाएल रापोपोर्ट हा मोठा गणिती. त्याचा विद्यार्थी पेटर शोल्झे, ज्याला २०१८ चं फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वात मोठा मान, मिळालं. आजी त्याच्या आदल्या वर्षी गेल्या. दुसरा मुलगा टॉम हार्वर्डला, पेशीत तयार झालेली प्रथिनं पडद्यातून पार कशी जातात यावर त्याचं काम. एक मुलगी बालरोगतज्ज्ञ, एक परिचारिका. जेवणाच्या टेबलावर काय बोलत असतील देव जाणे.

आणखी एक अवांतर: पांकॉव नव्हे, पांको. शेवटचा डब्ल्यू मुका. जर्मनीत राहून तुम्हीच असं लिहिलंत तर कसं!

---

एल्बेकाठी

चूक कबूल. हॅम्बुर्गवाल्यांना बर्लिनचं काही धड येत नाही असं इथे म्हणतातच.

डेगक्विट्झबद्दल एक राहिलं. हा माणूस सरळ चौकटीत बसत नाही. १९२३ मध्ये म्युनिकला हिटलरचा उठाव फसला, त्यात हे गृहस्थ होते. पुढे त्याच लोकांविरुद्ध उघड बोलू लागले, १९४३ मध्ये अटक झाली, १९४४ मध्ये नाझींच्या कुप्रसिद्ध 'लोकन्यायालया'ने सात वर्षांची शिक्षा दिली. तो कागद लिहिणारा हात असा दोन्ही बाजूंनी फिरून आलेला होता.

---

अर्धवट_प्रबंध

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी. माझा प्रबंध २००६ पासून माळ्यावर आहे. विद्यापीठाचं नाव घेत नाही. मार्गदर्शक निवृत्त झाले, नवे मिळाले ते म्हणाले विषय बदला, मग फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर जाताना गहाळ, मग नवे नियम, 'तुमची नोंदणीच रद्द झालीय मॅडम'. माझ्यावर कुणी हिटलर बसला नव्हता, त्यामुळे तुलना करायची लाज वाटते. पण मार्गदर्शकांनी मलाही एक पत्र दिलं होतं, 'काम समाधानकारक झाले आहे' असं. ते अजून आहे, लॅमिनेट केलेलं.

एक प्रश्न: त्यांना पदवीचा काय उपयोग होता? प्राध्यापक तर होऊन गेल्या होत्या.

---

पांढरा_कोट

उपयोग शून्य. जर्मनीत डॉक्टरी करायला सरकारी परीक्षा पुरते, 'डॉक्टर' हा किताब प्रबंधाचा वेगळा. आणि अमेरिकेतून एम.डी. झालेल्याच होत्या.

---

एल्बेकाठी

@अर्धवट_प्रबंध, त्यांना स्वतःलाच हे विचारलं होतं पत्रकारांनी. उत्तराचा आशय असा होता की माझ्यासाठी नाही, तत्त्वासाठी. त्या काळात ज्यांच्यावर माझ्याहून कितीतरी वाईट वेळ आली, त्यांच्यासाठी. मला वाटतं म्हणूनच परीक्षा खरी असायला हवी होती. मानद पदवी म्हणजे विद्यापीठाचं औदार्य झालं असतं. परीक्षा म्हणजे १९३८ मध्ये जिथे काम अडलं होतं, तिथून पुढे चालू.

नाझींनी पदवी नाकारली नव्हती, परीक्षेला बसू दिलं नव्हतं. म्हणून परतही परीक्षाच दिली गेली.

आणि तुमची फाईल माळ्यावरून खाली काढा हो. निदान धूळ तरी झटका.

---

अर्धवट_प्रबंध

झटकली. वाळवी नाही लागलेली. ३१२ पानं आहेत. फ्लॉपीही सापडली, ती कशात घालायची ते मात्र माहीत नाही.

---

सुपारी_न_खाणारा

फ्लॉपी वाचून देणारे लोक आहेत, व्यनि (खाजगी निरोप) करतो.

पांढरा_कोट, एक शंका. घटसर्पाची लस लहानपणी घेतली की जन्मभर पुरते ना?

---

पांढरा_कोट

नाही. त्रिगुणीचा असर काही वर्षांनी ओसरतो, मोठेपणी दर दहा वर्षांनी बूस्टर घ्यावा. आपल्याकडे गंजका खिळा लागला की लोक 'टीटी मारून घेतो' म्हणतात. त्यात फक्त धनुर्वात असतो. हल्ली सरकारी लसीकरणात त्याच्या जागी टीडी आलीय, त्यात घटसर्पही येतो. तेव्हा खिळा लागला तर टीडी मागा. डॉक्टरने 'कशाला' विचारलं तर या धाग्याची लिंक द्या.

---

माजघरातली

कालच मोरीतला पत्रा लागलाय यांना. आत्ताच पाठवते.